सहा नंबरचा माऊस

श्रीरामपूरच्या एका कॉम्प्युटर क्लासमध्ये मी झाडलोट करते, सकाळी सातला दार उघडते. सहावीत शाळा सुटली. आई-बाप ऊसतोडीला निघाले की मीही त्यांच्यामागे. गाव जिल्ह्याच्या पार पूर्वेला, दोन एसट्या बदलून जायचं. इथं मला ओळखणारं कुणी नव्हतं. तरी क्लासच्या मॅडमनी एकही कागद न मागता कामावर घेतलं. ते उपकार मी विसरत नाही, आणि त्यामुळंच मला सारखी धास्ती असते.

मागच्या वर्षी क्लासमधले तीन माऊस गेले. कुणी नेले, कळलंच नाही. मग मॅडमनी कुलपं आणली. टेबलाच्या पायाला तारेची जाड दोरी, तिच्या टोकाला डबी. डबीत माऊसची आणि कीबोर्डची वायर अडकवायची, झाकण दाबायचं, किल्ली फिरवायची. सगळ्या डब्यांना एकच किल्ली चालते. तशा दोन होत्या: एक मॅडमच्या पर्समध्ये, दुसरी त्यांनी माझ्या हातावर ठेवली. "तुझ्याकडं राहू दे," एवढंच म्हणाल्या.

आता हा विश्वास म्हणायचा की परीक्षा? माऊस गेले तेव्हाही दार मीच उघडत होते. ज्याच्यावर संशय, त्याच्याच हातात किल्ली देऊन बघायचं, असंही असेल. मी ती ब्लाउजला आतून पिनेनं अडकवली. बॅच सुटली की एकेक माऊस ओढून बघायचे. टायपिंग शिकायला बेलापूरहून एक सासुरवाशीण येते, ती एकदा म्हणाली, "मावशी, माऊसबी दावणीला बांधला व्हय?"

"बैल बरा. कुणी न्यायला लागलं तर हंबरतो तरी."

सगळे हसले. मीही हसले, पण नजर तिच्या पिशवीवर होती.

आणि एका सकाळी सहा नंबरचा माऊस नव्हता. तार शाबूत, डबी बंद, आत कीबोर्डची वायर जशीच्या तशी. म्हणजे कुणीतरी किल्लीनं उघडलेलं. छातीवर हात गेला. किल्ली जागेवर होती. दुसरी मॅडमकडं, पण त्या आपलाच माऊस कशाला नेतील? किल्ली माझी, चोरी माझी.

सहा नंबरवर तीच बेलापूरची बसते. "माऊस कुठाय?"

"रिपेरीला गेलाय," मी ठोकून दिलं आणि तिला आठ नंबरवर बसवलं. मॅडम दुपारी येणार होत्या. दुकानं उघडल्या उघडल्या मी धावत जाऊन तसाच काळा माऊस विकत आणला, डबीत वायर अडकवली, किल्ली फिरवली.

मॅडम आल्या त्या हातात माऊस घेऊन. सहा नंबरपाशी थांबल्या.

"हा इथं कुठून आला? इथला तर मी काल संध्याकाळी तू गेल्यावर दुरुस्तीला नेला होता. एकदा दाबला की दोनदा क्लिक व्हायचा."

मी सगळं सांगितलं. त्यांनी माझ्याकडं असं कधी पाहिलं नव्हतं.

"मला फोन का नाही केलास? मी तुला चोर समजेन असं वाटलं?"

"व्हय."

"आणि मी आता काय समजू? आधीचे तीन..." त्या मधेच थांबल्या.

"न्हाई मॅडम. ते मी न्हाई नेलं. तवा किल्ली नव्हती, भ्याबी नव्हतं. किल्ली दिल्यापासनं लई भ्या वाटतं."

त्या सहा नंबरच्या खुर्चीवर बसल्या. हातातल्या माऊसची वायर गुंडाळली. मग म्हणाल्या, "नेताना तुला सांगायला पाहिजे होतं मी."

दुसऱ्या दिवशी मी बाहेर फरशी पुसत होते. आतून, भरल्या बॅचमधून, त्यांची हाक आली, "अगं, तीन नंबरची डबी उघडतेय गं मी! कीबोर्ड साफ करायचाय!"

मालकीण झाडणारीला सांगतेय म्हटल्यावर सगळी बॅच दाराकडं बघायला लागली. मला कुठं लपू असं झालं. ओल्या हातानं दारात जाऊन "बरं मॅडम" म्हणाले.

त्या केबिनमध्ये गेल्यावर तीन नंबरच्या दोन्ही वायरी मी ओढून बघितल्या. डबी नीट बंद होती.