घमेल्याखालची जागा

वडिलांना, म्हणजे आबांना, रोज अंघोळ मी घालतो, दाढी करतो, भाकरी दुधात कुस्करून भरवतो. निफाडची द्राक्षबाग वाट्यानं लावून त्यांना नाशिकला आणलं, त्याला बरीच वर्षं झाली. तरी सोसायटीतलं कुणी भेटलं, की ते थोरल्याचंच सांगायचे. थोरला भाऊ पुण्याला असतो, दिवाळीला येतो.

"लय गारा पडल्या. सगळी बाग झोपली. थोरल्यानं घमेलं धरलं माझ्या डोक्यावर, अन् गारा सोताच्या पाठीवर घेतल्या."

मी तेव्हा नाशिकला कॉलेजच्या होस्टेलवर होतो.

आबांचं विसरणं वाढलं, तेव्हा डॉक्टरांना विचारलं, रोजचा मी लक्षात राहत नाही आणि ती एक दुपार कशी राहते? ते म्हणाले, भीतीच्या वेळी शरीरात कॉर्टिसोलसारखी संप्रेरकं उसळतात, ती प्रसंग घट्ट ठसवतात. शांत दिवस तसे ठसत नाहीत. म्हणजे मी आबांना कधी घाबरवलं नाही, एवढंच माझं चुकलं होतं! थोरल्याचा असा हेवा वाटला, की डॉक्टर पुढं काय म्हणाले ते मी नीट ऐकलंच नाही.

मार्चमध्ये एका दुपारी आभाळ भरून आलं. आबा गॅलरीत बसले होते. कुंड्यांच्या मातीचं रिकामं घमेलं मी त्यांच्या डोक्यावर धरलं आणि ओरडलो, "आबा, गारा!"

ते थरथरायला लागले. माझं मनगट धरून म्हणाले, "थोरल्या, बाग गेली रे."

त्यानंतर ते नीट जेवेनात, घरातल्या घरात वाट चुकायला लागले. आभाळ बघून घाबरले, एवढंच मी डॉक्टरांना सांगितलं. ते म्हणाले, "तेव्हा हेच सांगत होतो. तरुणपणी जे संप्रेरक आठवण ठसवतं, तेच या वयात ती पुसतं. एकदा चढलेलं कॉर्टिसोल लवकर उतरत नाही." माझ्यामुळेच झालं, असं मात्र ते म्हणाले नाहीत. मीही त्यांना घमेल्याचं सांगितलं नाही.

दिवाळीला थोरल्यानं विचारलं, "आबा, ते घमेलं आठवतं का?"

"कुठलं घमेलं?"

थोरल्याचा चेहरा उतरला. आणि मला, खोटं कशाला सांगू, क्षणभर बरं वाटलं.

आता अंघोळ घालताना ती गारपीट मीच आबांना सांगतो. गोष्टीतलं घमेलं माझ्या हातात घ्यावं, असं दर वेळी मनात येतं. अडवणारं कोण आहे? तरी ते थोरल्याच्याच हातात देतो.

परवा ऐकता ऐकता आबांनी विचारलं, "अन् तू कुठं व्हता तवा?"

"नाशिकला, आबा."

त्यांनी मान डोलावली. "थोरला गुणाचा हाय," म्हणाले.

मी त्यांच्या पाठीवर पाणी ओतत राहिलो.