बग्गी कुणी केली

काल शेजारच्या गॅरेजमधून पेट्रोलचा वास आला आणि इतक्या वर्षांनी माझं डोकं पुन्हा तितकंच तापलं.

तेव्हा आम्ही न्यूझीलंडमध्ये, अप्पर हट गावात राहायचो. मी हॉस्पिटलात फार्मासिस्ट, माझा नवरा सुधीर इंजिनियर. वाळूत पळवायची एक जुनी, गंजलेली बग्गी, म्हणजे छोटी उघडी मोटारगाडी, आम्ही हौसेनं आणली आणि अख्खा हिवाळा तिच्यापायी घालवला. गंज दोघांनी मिळून घासला. कार्बोरेटर मात्र मी एकटीनं किचनच्या टेबलावर खोलला, टूथब्रशनं साफ केला, तीनदा चुकले आणि चौथ्यांदा नीट बसवला. नखांतला काळा मळ आठवडाभर निघत नव्हता.

बग्गी तयार झाली त्या रविवारी जॉन्सनव्हिलचे मित्र बघायला आले. एकानं विचारलं, "वहिनी, तुम्ही काय केलंत?"

मी तोंड उघडायच्या आत सुधीर म्हणाला, "हिनं चहा पुरवला, कपावर कप."

सगळे हसले. मीही हसले.

मग तो ऐटीत बग्गीत बसला, पण ती चालू होईना. चोक किती ओढायचा ते मलाच ठाऊक होतं. त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी कप गोळा करत राहिले.

मित्र गेल्यावर तो चिडून म्हणाला, "सांगायचं होतंस ना."

"चहावालीला काय कळतंय त्यातलं?"

चांगली जिरवली, असं तेव्हा वाटलं होतं. पण कप मीच धुतले आणि मित्रांना खरं काय ते कधीच कळलं नाही. सुधीरवर राग आजही आहे. त्याहून जास्त माझ्यातल्या त्या हसणाऱ्या बाईवर आहे. तिला सरळ बोलायला कुणी अडवलं नव्हतं.