व्हेनिसला देवीनं नाही म्हटलं

हे मी बायकोला सांगितलेलं नाही, मुलांना नाही, आणि ज्या मालकांनी मला हैदराबादला शिकायला धाडलं त्यांना तर नाहीच नाही. तुम्हाला का सांगतोय? — तुम्ही आमच्या सिरसाळ्याकडचे नाही म्हणून असेल. किंवा ऐकून तोंडावर हसणारं आता तिकडं कुणी उरलं नाही म्हणून असेल. काहीही समजा.

आधी मी कोण ते सांगतो, कारण सगळं तिथूनच निघतं. आमच्या घरात अंगठा न उठवता सही करणारा मी पहिला. नुसती सहीच नव्हे — बी.ए.! निजामाच्या राज्यात, आमच्या टापूत, औतामागं चालणाऱ्याच्या पोरानं बी.ए. होणं म्हणजे काय, हे तुम्हाला आज सांगूनही कळायचं नाही. गावात माझं मूळ नावच पुसलं गेलं. लहानथोर सगळे मला 'बीए' म्हणत. "बीए आले, सरका की जरा." "बीएला इचारा, त्येंला ठावं असंल." मला ते आवडायचं. फार आवडायचं. पण ज्याला सगळं गाव विचारायला येतं, त्यानं 'मला भीती वाटते' असं कधी म्हणायचं? — मला तरी ते म्हणता आलं नाही.

तर झालं असं. आमचे मालक गावचे देशमुख. केजकडचे एक जमीनदार लंडन पाहून आले आणि भेटेल त्याला लंडन ऐकवत सुटले. लग्नात लंडन, तेराव्यालाही लंडन. मालकांना ते सोसेना. एक दिवस भरल्या बैठकीत त्यांनी मांडीवर थाप मारली.

"आपण बी सैरीला जायचं."

"लंडनला?" मी विचारलं.

"त्येंचं उष्टं गाव आपण कावून बघायचं बे? दुसरा मुलूख सांग."

मी इटली सांगितली. कॉलेजात रोमचा इतिहास होता, तो मला बराचसा पाठ होता. आणि दुभाष्या म्हणून मालक मलाच नेणार हे उघड होतं. इटलीच्या भाषेतलं एक अक्षर मला येत नव्हतं, पण ते कुणी विचारलंच नाही. बीए म्हटल्यावर काय विचारायचं?

काय दिवस होते ते! परळीला आगगाडी नुकतीच आलेली. परळीहून मुंबई, मुंबईहून जहाज — इथवर सगळ्यांना समजलं. पुढं कुठं कुठं जायचं, यावर बैठकीत रोज कुस्त्या. मी नकाशा पसरायचा, मालकांनी पानाचा विडा लावायचा, देवीचा गुरव कडेला उकिडवा बसायचा आणि आतल्या दाराच्या पडद्याआड बाईसाहेब — मालकांच्या पत्नी. देशमुखांच्या घरात तेव्हा कडक गोषा. मला त्यांचा फक्त आवाज ठाऊक होता. पण आवाज असा, की माणूस दिसायची गरज पडू नये.

मी पिसाचा कललेला मनोरा सांगितला.

"पडाया आलेला बुरूज बघाया दर्या वलांडायचा?" मालक म्हणाले. "आपल्या गढीचा बुरूज कवाचा वाकलाय. त्येला कोण येतंय बघाया?"

मी नेपल्सजवळचा आगीचा डोंगर सांगितला. गुरवाचे डोळे चमकले. "मालक, आपल्या नावानं त्येच्यात एक नारळ टाका."

मी फ्लोरेन्समधले दगडी पुतळे सांगितले, आणि सांगण्याच्या भरात त्यांच्या अंगावर कपडे नसतात हेही सांगून बसलो. पडद्याआडून आवाज आला, "बिचाऱ्यांना थंडी वाजत आसंल." त्यावर मालक असे हसले, की विडा अंगरख्यावर सांडला.

आणि मग मी — माझ्याच तोंडानं — व्हेनिस सांगितलं. सांगताना मला चेव चढला. पाण्यात उभं गाव, म्हटलं. रस्ते नाहीत, गाड्या नाहीत, बैल नाहीत. दारात पायरी आणि पायरीला पाणी. भाजीवाला नावेतून येतो, वरात नावेतून निघते, नावाडी उभ्यानं वल्हं मारतो.

पडदा हलला.

"अवो बीए, म्हंजी बाईनं दार उघडलं की म्होरं पाणी?"

"होय, बाईसाहेब. पण ते पाणी खारं असतं."

"आसू द्या की. डोळ्याला काय खारं लागतंय का गोड?"

बाईसाहेबांचं माहेर वर बालाघाटावरचं. घराणं मोठं, घरात काही नाही. ऐन उन्हाळ्यात नदीच्या वाळूत झिरा उकरून, वाटीवाटीनं घागर भरत त्या मोठ्या झालेल्या. बैठकीत इतके दिवस त्या थट्टेशिवाय काही बोलल्या नव्हत्या. त्या दिवशी मात्र त्यांनी मागितलं. "मालक, बाकी कुठंबी न्या, नगा नेऊ. मला ते पाण्यातलं गाव दावा." मालक म्हणाले, "दावू की." सगळी इटली एकीकडं आणि ते एक गाव एकीकडं, असं झालं.

आणि मला घाम फुटला.

आता येतो मुद्द्यावर — येतोय, थांबा. लहानपणी मी तलवाड्याला मावशीकडं गेलतो. तिच्याबरोबर गंगेपलीकडं जाताना — आम्ही गोदावरीला गंगाच म्हणतो — नाव कलंडली. मला केसाला धरून वर काढलं. तेव्हापासून गुडघ्यापेक्षा खोल पाणी पाहिलं की मी काठावरूनच मागं फिरतो. आणि गावात मी काय सांगून ठेवलेलं? की हैदराबादला असताना हुसेनसागर पोहून जायचो! कुणी विचारलं होतं? कुणीच नाही. उगाच. मोठं जहाज म्हणजे लोखंडी गढी, तिच्या पोटात डोळे मिटून पडून राहीन, असा मी हिशेब केलेला. पण ज्या गावात दाराबाहेर पाऊल टाकायचं तर होडीतच टाकायचं, तिथं मालकांसमोर मी मटकन बसलो असतो, रडलो असतो. हुसेनसागर पोहणारा बीए!

देशमुखांच्या घरची एक रीत होती. मुलखाबाहेर निघायचं तर देवीला विचारायचं. सभामंडपात एक गुळगुळीत गोल गोटा. त्यावर दोन्ही हात ठेवून, गावाचं नाव स्वच्छ घेऊन विचारायचं. गोटा उजवीकडं फिरला तर जा, डावीकडं फिरला तर जाऊ नका, हलला नाही तर पुढं बघू. हात गुरवाचे असत. पण या नावांपुढं गुरवानंच हात टेकले. "मालक, माझी जीभ न्हाई वळत. देवी भलत्याच गावाला कौल दील आन तुमी भलतीकडंच जासाल. बीएनाच बसवा."

असा मी बसलो. पहिला मान माझा! न्हाऊन, ओल्या धोतरानं, सगळ्या गावासमोर. रोमला गोटा उजवीकडं गेला — त्यानं नेलं की मी नेलं, देवाशपथ मला माहीत नाही. नेपल्स, फ्लोरेन्स उजवीकडं. प्रत्येक नावाला गाव ओरडत होतं, हलगी वाजत होती. नेपल्सच्या नावानं इतका गुलाल त्या गावातही कधी उधळला नसेल. पिसाला गोटा जागचा हलला नाही. "देवीला आक्कल हाय," मालक म्हणाले.

मग मी व्हेनिस म्हटलं. आणि तळहात दाबून गोटा डावीकडं फिरवला.

हे देवीनं केलं नाही, मी केलं. दगडाला काही कळत नाही असं मी कॉलेजात शिकून आलो होतो, त्यामुळं त्याला फसवायला मी कचरलो नाही. हलगी थांबली. बायकांच्या बाजूनं, पडद्यामागून, बाईसाहेब एवढंच म्हणाल्या, "देवीला नगं आसंल तर ऱ्हाऊ द्या." आणि पुढच्याच क्षणाला त्यांनी कुणाला तरी पेढे वाटायला सांगितलं.

आम्ही गेलो. जहाजावर गोषा सुटला आणि बाईसाहेब पहिल्यांदा दिसल्या — माझ्याहून वयानं थोड्याच मोठ्या, ठेंगण्या, सारख्या हसणाऱ्या. त्या दिवसभर कठड्याला धरून लाटा बघत. मी खोलीत. वाटेत एका बंदराला सगळे उतारू दोराच्या शिडीनं होड्यांत उतरून गावात गेले. मालक गेले, बाईसाहेब नऊवारीचा काचा मारून खटाखट उतरल्या. मी वरच कठडा घट्ट धरून उभा.

"बीए, येत न्हाई व्हय?" खालच्या होडीतून त्यांनी विचारलं.

"पोट बिघडलंय, बाईसाहेब."

त्यांनी माझ्या हातांकडं पाहिलं. मग तोंडाकडं पाहिलं. "व्हय का," म्हणाल्या, आणि होडी गेली.

इटलीत काय मजा केली म्हणून सांगू! जेवणात शेवया आल्या त्या तिखटमिठाच्या. बाईसाहेबांनी शेंगदाण्याची चटणी काढून वर भुरभुरली, आणि वाढप्यानं ती चाखून मुदपाकातल्या सगळ्यांना बोलावून आणलं. मालकांनी आगीच्या डोंगरावर गुरवाचा नारळ फोडला आणि राखाडीतच खोबरं वाटलं. मी हातवारे करत इटालियन बोलायचो, लोक मला काहीही आणून द्यायचे, आणि मालक म्हणायचे, "बगा, बीए कसा बोलतोय!"

रोममध्ये चौकाचौकात कारंजी. दिवसरात्र पाणी वाहतंय. बाईसाहेब पहिल्याच कारंज्यापाशी थबकल्या. ओंजळ धरली, प्यायल्या, तोंड धुतलं, पुन्हा ओंजळ धरली. "इतकं पाणी, आन कुणी घागर घिऊन उभं न्हाई! भांडाया बी कुणी न्हाई!" हसता हसता त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. मग तशाच ओल्या पदरानं माझ्याकडं वळल्या.

"बीए, ते पाण्यातलं गाव हितून किती लांब हाय?"

मालक पुढं कबुतरांना दाणे टाकत होते. आसपास देवी नव्हती, गोटा नव्हता, गुरव नव्हता. मी 'जवळ आहे' म्हटलं असतं, तर मालक त्यांच्या हट्टापुढं विरघळले असते. घरी जाऊन देवीची खणानारळानं ओटी भरली असती. किती सोपं होतं! हो ना?

"लई लांब, बाईसाहेब," मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडं पाहिलं — होडीतून पाहिलं होतं तसंच. "बरं," म्हणाल्या, आणि पुन्हा ओंजळ भरली.

आम्ही गावी परतलो तेव्हा हलगी वेशीपर्यंत आली. वाड्याच्या चौकात बायकापोरांची, बाप्यांची दाटी झाली. पडद्याआडून बाईसाहेब इटली सांगू लागल्या. डोंगर सांगितला, उघडे पुतळे सांगितले, शेवया सांगितल्या; लोक लोळून हसले. आणि मग आवाज खाली आणून त्यांनी पाण्यातलं गाव सांगितलं. दारात पायरी, पायरीला पाणी. भाजीवाला नावेतून येतोय, वरात नावेतून निघालीय. मी बैठकीत सांगितलेला शब्द न् शब्द होता, पण माझ्यापेक्षा कितीतरी सुंदर. पोरं तोंडं उघडी टाकून ऐकत होती. मालक मिशीत हसत होते, त्यांनी अडवलं नाही.

"आन बीए?" कुणीतरी विचारलं. "बीए काय करत व्हते?"

"बीए?" पडद्याआडून त्या म्हणाल्या. "आमी समदे नावंत गच्च धरून बसलेलो, आन ह्यो मानूस उभा! नावाड्याच्या हातातलं वल्हं घितलं आन सरासरा नाव हाणली. जरा बी भ्याला न्हाई."

सगळं गाव माझ्याकडं वळलं. आईनं माझी दृष्ट काढत कानशिलावर बोटं मोडली. काय कौतुक होतं त्या डोळ्यांत! "खरं का, बीए?" गुरवानं विचारलं.

मी मान डोलावली. आणि मिशीवरून हात फिरवला.

पुढं लोक मला त्या नावेबद्दल विचारत राहिले आणि मी सांगत राहिलो, दर वेळी थोडं वाढवून. बाईसाहेब पुन्हा कधी कुठं गेल्या नाहीत. रोमहून व्हेनिस एका रात्रीच्या गाडीवर आहे. ते मला त्या कारंज्यापाशीही माहीत होतं.