उभं सूत

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. आज तुम्हाला सांगतोय, आणि सांगताना स्वतःचाच संताप येतोय — इतकी वर्षं कसला सभ्यपणा मिरवत होतो मी?

केदारखेड्याजवळच्या एका गावात दगडूमामा घोंगड्या विणतात. मामांनी आणि मी मिळून त्यांच्या कामावर फिल्म केली. 'मिळून' हा शब्द माझा. भाषणात फार शोभायचा. मामांनी होकार दिल्याशिवाय काहीही बाहेर जायचं नाही, असं ठरलेलं.

मामांची अट एकच. मागावर बसून ते कॅमेऱ्याला म्हणाले, "आडवी लोकर आमच्या मेंढ्यांची. उभं सूत गिरणीचं हाये. पांघरायला बराबर, देवाच्या कार्याला नेऊ नका." एवढं राहू द्या, म्हणाले. तयार फिल्म त्यांच्याच ओसरीवर लॅपटॉपवर दाखवली. वाक्य होतं. मामांनी मान डोलावली.

जालन्याला परतलो आणि ते कापलं.

का? मला जुनी, अस्सल, शुद्ध कला दाखवून नाव कमवायचं होतं. गिरणीचं सूत त्यात खुपत होतं — दुसरं काय?

पुढं अंबडच्या एका माणसानं फिल्म बघून फोनवरच घोंगडी मागवली. मामांनी वेगळं काही सांगितलं नाही. फिल्ममध्ये सांगितलंय की — असंच वाटणार ना त्यांना?

चतुर्थीला राजूरला गणपतीच्या देवळाबाहेर मामा घोंगड्या मांडून बसले होते. मी दर्शन करून त्यांच्याजवळ टेकलो होतो. तो अंबडचा माणूस घोंगडी घेऊन आला. घोंगडीतला एक उभा धागा उपसून त्यानं काडी लावली. लोकर जळली की केस जळाल्याचा वास येतो. हा धागा कागदासारखा पेटला.

"पूजेत मांडली होती, म्हातारबा. फिल्ममधी तर लई संत दिसता."

माणसं जमली. मामा माझ्याकडं वळले. "सर, मी बोल्लो होतो ना त्याच्यात? सांगा की ह्यान्ला."

आणि मी म्हणालो, "आता नेमकं आठवत न्हाई, मामा."

त्यांच्याच बोलीत म्हणालो. भित्रा म्हणू स्वतःला? तो शब्दही मऊ पडतो. मला त्या वाक्याआधीचा त्यांचा श्वाससुद्धा आठवत होता — चारदा ऐकून, बरोबर त्याच्या अलीकडं मी कापलं होतं.

मामांनी घोंगडी परत घेतली, नीट घडी घातली. माझ्याकडं पुन्हा बघितलं नाही. राजूरला ते आता बसत नाहीत.

परवा एका कॉलेजात ती फिल्म दाखवली. वाक्याच्या जागी नुसता मागाचा आवाज आहे. टाळ्या झाल्या. मी उभा राहून घेतल्या.