कॉम्प्युटरसमोर धरलेली कपाशी

आष्टीतल्या माझ्या कॉम्प्युटर सेंटरवर एक काका आले. मोबाइल फुटलेला, म्हणून सातबाऱ्यावर पिकाची नोंद करायचं सरकारी पीक पाहणीचं मोबाइल ॲप कॉम्प्युटरवर चालवायचा त्यांचा हट्ट. माऊस सोडून ते ओल्या बोटानं स्क्रीनच दाबत होते. तासाभरानं ॲप कसंबसं चाललं आणि पिकाचा फोटो मागू लागलं. काकांनी पिशवीतून मुळासकट उपटलेली कपाशी काढून कॅमेऱ्यासमोर धरली.

‘तुम्ही शेतापासून दूर आहात,’ स्क्रीनवर आलं.

“काका, वावरात उभं राहूनच फोटो काढावा लागतो!” मी खेकसलो.

“झाड माझं, मातीबी माझ्याच वावरातली. मंग अजून काय पाहिजे त्याला?”

ते गेले. कीबोर्डमधली माती झटकताना मी त्यांच्या नावानं बोटं मोडत होतो. टेबलावर झाड तसंच पडलेलं होतं, बोंडांनी लगडलेलं.