कॉलेज बघायला मंगळवारी जावे

मळवलीजवळच्या भाजे गावात वाढलेल्या माणसाला एक गोष्ट लवकर कळते: रविवारी दिसते ते गाव नसते. रविवारी आमच्या अंगणात पुण्या-मुंबईच्या गाड्या लागतात, आई ‘चुलीवरची भाकरी’ अशी पाटी बाहेर टांगते आणि आठवडाभर गॅसवर चालणारे आमचे घर त्या दिवसापुरते चुलीवर येते. गाव कसे आहे हे पाहायचे असेल, तर मंगळवारी यावे.

बारावीनंतर कॉलेज निवडताना मी हाच नियम लावला. पदार्थविज्ञान शिकायचे हे पक्के होते. कुठे, एवढाच प्रश्न उरला होता. लोणावळा म्हणजे मळवलीहून पुढचेच स्टेशन, रोज संध्याकाळी घरी. पुणे म्हणजे वसतिगृह. अण्णांचा, माझ्या वडिलांचा, कल उघडच लोणावळ्याकडे होता. मी पुण्याचा हट्ट धरला, तेव्हा त्यांनी अट घातली.

“मावशीला घिऊन दोनी बी बगून या. मग काय त्ये ठरवू.”

उर्से गावची ही मावशी आमच्या नात्यात स्थळे पाहण्यासाठी प्रसिद्ध आहे. तिने घर पाहिल्याशिवाय कुणाच्या सुपाऱ्या फुटत नाहीत. तिची रीत ठरलेली: सांगावा न धाडता जायचे, कामाच्या वेळी जायचे आणि पुढे गप्पा रंगल्या की हळूच मागल्या दाराने न्हाणीपर्यंत पोहोचायचे. कॉलेजांनी पालकांसाठी खास दिवस ठेवले आहेत, असे मी सांगितल्यावर ती म्हणाली, “त्या दिवशी नगं. त्या दिवशी नवरा बी इस्त्रीचा शर्ट घालून बसतो.”

मी शास्त्राच्या वाटेने आणि ती सोयरिकीच्या वाटेने एकाच निष्कर्षाला आलो होतो.

लोणावळ्याला एका हसतमुख कारकुनाने आम्हांला सभागृह दाखवले, वाचनालय दाखवले, पाणी विचारले. मी प्रयोगशाळा पाहायला मागितली. ती बंद होती. सर रजेवर, किल्ली त्यांच्याजवळ. खिडकीच्या काचेतून उपकरणे दिसली, प्लॅस्टिकच्या कव्हरांत झाकलेली, अगदी नव्यासारखी.

“किती निगुतीनं ठिवलंय बग,” मावशी म्हणाली.

मला नेमकी त्याचीच शंका आली: ती कुणी वापरतच नसावे. अर्थात एका दिवसाच्या निरीक्षणावरून कॉलेजची परीक्षा करू नये, हेही मला कळत होते. दुसऱ्या एखाद्या दिवशी आलो असतो, तर प्रयोगशाळा कदाचित उघडी दिसली असती.

पुण्याला मावशी आधी वसतिगृहात शिरली. मी बाहेर उभी. बऱ्याच वेळाने ती परतली. “पानी हाय. एका दाराची कडी मोडलीय. पोरी जोरात हसत्यात.” यातले शेवटचे तिने जमेच्या बाजूला धरले की वजाबाकीच्या, ते मला चेहऱ्यावरून ओळखता आले नाही.

प्रयोगशाळेचे दार उघडे होते. आत एकच मुलगी, माझ्यापेक्षा थोडी मोठी, अ‍ॅसिटोनमध्ये बुडवलेला कापसाचा बोळा एका व्हॅक्यूम पंपाच्या प्रत्येक जोडावरून फिरवत होती, आणि नजर मात्र दाबमापकावर. कुठेतरी हवा गळत होती. जिथे बोळा टेकल्यावर काटा हलेल, तिथे गळती.

“आणि हललाच नाही तर?” मी विचारले.

“कालही हलला नाही,” ती म्हणाली. “धर हा बोळा. मी काटा बघते.”

मी बोळा धरला. कॉलेज पाहायला आलेल्या मुलीने विचारावेत असे बरेच प्रश्न मी तयार करून आणले होते. त्यांतला एकही आठवला नाही. मावशी टेबलाभोवती एक फेरी मारून आली.

“तुमचं सर कुटं हायेत?”

“तास घेतायत. किल्ली माझ्याकडेच असते, मावशी.”

“आन घरी कदी जाती गं?”

“सुट्टीत. पण खरं सांगू? तेव्हाही जावंसं वाटत नाही.”

माझ्या हातातला बोळा थांबला. परवानगी हुकण्यासाठी याहून नेमके वाक्य तिला सापडले नसते. मावशीने फक्त “असं व्हय” म्हटले. परतीच्या लोकलमध्ये ती तळेगाव येण्याआधीच झोपी गेली.

घरी अण्णा ओट्यावर वाट पाहत होते. मावशीने सगळे सांगितले, क्रमाने, गाळणी न लावता: कुलूप, कव्हरे, पाणी, कडी, बोळा आणि त्या मुलीचे ते वाक्यही. निदान तेवढे तरी गाळेल, ही माझी आशा तिथेच संपली.

“दोनी घरं बरी हायेत,” तिने शेवटी निकाल दिला. “पुन्याच्या घरात मानसं कामात हायेत. पन पोरगी मागं वळून बघायची न्हाई, ही तयारी ठिवा दाजी.”

 अण्णा माझ्याकडे वळले.

“तुला बी तसंच वाटंल का? घरी येऊ नये असं?”

‘नाही’ म्हणणे सोपे होते, आणि त्यांना तेच ऐकायचे होते. पण मला खरोखरच ठाऊक नव्हते.

“ते तिथे राहिल्याशिवाय सांगता येणार नाही, अण्णा.”

मावशीने कपाळावर हात मारून घेतला. “हिला साधं खोटं बी बोलता येत न्हाई!”

अण्णा उठले, चपला पायात सरकवल्या आणि गोठ्याकडे निघाले. दोन पावलांवर थांबून, पाठमोरेच म्हणाले, “मग ऱ्हा. आन सांग.”