उंदरांचं तूप

स्वातंत्र्य नवं होतं आणि ज्याला त्याला विज्ञानाचा शिक्का हवा होता. माझे मामा ठाण्याला खोपटमध्ये आयुर्वेदिक औषधं बनवत. त्यांनी पाटीवर ‘संशोधन विभाग’ अशी भर घातली. विभाग म्हणजे मागची शेड, पांढऱ्या उंदरांचे पिंजरे आणि नुकताच बी.एस्सी. झालेला मी. वडील गेल्यापासून आई आणि मी मामांकडेच होतो. नोकरी त्यांची, खोली त्यांची, आणि आई सांधेदुखीवर वर्षानुवर्षं घेत होती ते चूर्णही त्यांचंच. अलीकडे तिचे पाय सुजायचे. ते चूर्ण दीर्घकाळ घेतलं तर अपाय होतो का, हेच उंदरांवर पाहायचं होतं. मामांना प्रमाणपत्र हवं होतं, मला उत्तर.

निम्म्या उंदरांना चूर्ण, निम्म्यांना नुसते गहू असं ठरलं. मामांनी चूर्णात तूप कालवलं. अनुपानाशिवाय औषध देणं त्यांच्या मते अधर्म.

“मग बाकीच्यांनाही तूप द्या. नाहीतर गुण कशाचा ते कळणार कसं?”

“औषध न घेणाऱ्याला तूप कशाला? जावई आहेत का ते?”

चूर्णवाले उंदीर गुटगुटीत झाले. मामा पाहुण्यांना शेडमध्ये नेत. पाहुणे उंदरांच्या पाया पडायचे तेवढे बाकी होते.

आई मात्र चूर्ण गरम पाण्यातून घ्यायची. तुपाने तिला मळमळे. म्हणून एका पिंजऱ्याला मी तसंच पाण्यातून देऊ लागलो. पावसाळा सरता सरता त्या उंदरांचं खाणं सुटलं, अंगावर सूज आली. एक मेला. मी मामांना पिंजरा दाखवला.

“तूप नव्हतं ना,” ते शांतपणे म्हणाले. “बघ, शास्त्र खोटं नाही.”

“आईसुद्धा पाण्यातूनच घेते.”

“काय सांगतोस? ताईला आजच समजावतो.”

त्यांच्या आधी मीच आईला गाठलं. चूर्ण बंद कर म्हणालो.

“त्याच्याच घरात राहून त्याचं औषध नको म्हणू?”

“डोंबिवलीला खोली बघतो.”

“कुणाच्या पगारावर रे?”

दुसऱ्या दिवशी मामांकडून तुपाची बरणी आली. आई नाक दाबून तुपातून चूर्ण घेऊ लागली. मी रोज सकाळी तिच्या घोट्यावर बोट दाबायचो, खड्डा भरून यायची वाट बघायचो आणि मग शेडचं कुलूप काढायला जायचो.